कासाराच्या घरी चुडा नाही

"पाय आखडून घे गं पमे, परातीत मावेनात," माई शेटे म्हणाल्या आणि सोप्यातल्या सगळ्या बायका हसल्या.

नवरात्रातल्या अष्टमीचा दिवस होता. शेट्यांच्या सोप्यात नऊ पाट मांडलेले आणि नऊ पाटांवर नऊ कुमारिका. पहिल्या आठजणी पाच ते नऊ वर्षांच्या, फ्रॉकमधल्या. एकीचं तर नाक तिची आई पदरानं पुसत होती. नववी मी. दहावीतली, साडेपंधरा वर्षांची, वर्गातल्या बाकाखाली गुडघे अडकणारी.

शेजारच्या पाटावरच्या चिंगीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"पमीताई, तू चुकून बसलीस का गं?"

"गप. पुरी खा."

"पण छायाताई तुझ्याच वर्गात आहे ना? मग ती वाढतीय आणि तू जेवतीयस कशी?"

छाया म्हणजे माईंची धाकटी लेक, माझी जिवाभावाची मैत्रीण. पुऱ्यांचं ताट तोंडासमोर धरून ती हसू दाबत होती. ती वाढत होती कारण बाराव्या वर्षीच ती 'शहाणी' झाली होती. आमच्याकडं पाळी आली की पोरगी शहाणी झाली म्हणतात, आणि शहाण्या पोरीला कुमारिका म्हणून बसवत नाहीत. वर्गात माझा नंबर पाचवा, छायाचा एकोणचाळिसावा, पण शहाणी कोण? तर छाया.

जेवणं झाल्यावर बांगड्या. त्या भरायला माझी आईच टोपली घेऊन उंबऱ्याशी बसलेली. आम्ही कासार. वडील, आमचे अण्णा, दुकानात बसायचे आणि आई घरोघरी जाऊन बांगड्या भरायची. आठ पोरींचे चिमणीएवढे हात झाले आणि मी पुढं सरकले.

"नववीला कुठलं माप गं अनसूया?" माईंनी विचारलं.

"दोन-सहा."

"अगं बाई! माझ्या मापाची की गं कुमारिका!"

परत हशा. माई मनानं वाईट नव्हत्या, पण कुजबुजायला गेल्या तरी वेशीपर्यंत ऐकू जायचं. त्या आईच्या कानाशी वाकल्या. "पंधरा सरली ना? कुठंतरी दाखवून घे बाई. काहीजणींना येतच नाही म्हणतात. उद्या स्थळं बघायची झाली तर काय सांगशील?"

आई माझ्या हाताकडंच बघत होती. "हात सैल सोड पमे. ताठ धरलास तर काच लागेल," एवढंच ती म्हणाली.

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आधी माईंना पोटात घ्यावं, मग मला.

आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगते. गावात कुठली पोरगी कधी शहाणी झाली हे आमच्या घरी सगळ्यात आधी कळायचं. पाचव्या दिवशी न्हाण घालायचं, मुलीला हिरवी साडी नेसवायची, ओटी भरायची आणि माझ्या आईनं तिच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरायचा, ही आमच्या गावची रीत. छाया बाराव्या वर्षी. माळ्यांची कुसुम अकराव्या. गुरवांची लता तेराव्या. प्रत्येक वेळी आई टोपली उचलून जायची, मी मागं बसून लाडू खायची. माझ्या वर्गातल्या एकोणीस पोरींचे चुडे आईनं भरले होते. विसावी मी, आणि मी घरातच होते.

वरवर मी टेचात असायची. रात्री उशीत तोंड खुपसून एकच गोष्ट घोकायची, मला येणारच नाही.

मार्गशीर्षात शेट्यांकडून परत निरोप आला. शेवटच्या गुरुवारी उद्यापन आहे, कुमारिका हवी, पमीला पाठवा. निरोप घेऊन चिंगी आली होती. "पमीताई, मी पण आहे. आपण शेजारी बसू," म्हणाली. तिथंच माझं डोकं फिरलं.

दुकानात पायांना लावायच्या लाल आळत्याच्या बाटल्या असायच्या. एक उघडली, जुन्या परकराला जिथं हवं तिथं आळता लावला, वाळवला आणि पोट धरून चुलीपाशी गेले.

"आई, मला कावळा शिवला."

आईनं परकर हातात घेतला. उजेडात नेऊन बघितला. मग माझ्याकडं बघितलं. माझं काळीज असं धडधडत होतं की तव्यावरची भाकरी हलेल.

"पोट दुखतंय?" तिनं विचारलं.

"लई."

"कुठं?"

मी बरगडीच्या खाली बोट ठेवलं. नंतर छायाला विचारल्यावर कळलं की मी जठर दाखवलं होतं.

"बरं," आई म्हणाली. "मागच्या खोलीत बस. चार दिवस."

तिनं मला धडपे दिले, कसे बांधायचे, कसे धुवायचे, उन्हात का वाळवायचे ते नीट समजावलं, निराळं अंथरूण दिलं, तांब्या दिला, आणि थोड्या वेळानं बीजगणिताचं पुस्तक आणून दिलं.

"हे कशाला?"

"चार दिवस पाण्याला जायचं नाही, भांडी घासायची नाहीत, दुकानात बसायचं नाही. मग करणार काय? पहिली तीन प्रकरणं कर."

बीजगणित हा माझा पूर्वजन्मीचा वैरी. पण बोलणार काय? मी चार दिवस पोट धरून समीकरणं सोडवली. कण्हायचं लक्षात ठेवावं लागायचं. पहिल्या दिवशी विसरून तीन भाकऱ्या खाल्ल्या, तर आई म्हणाली, "पोट फारच दुखतंय वाटतं."

गुरुवार माझ्याविना पार पडला. मी जिंकले म्हणून उड्या मारणार, तेवढ्यात चौथ्या दिवशी संध्याकाळी माई स्वतः दारात.

"अनसूये, पोरीला पदर आला आणि तू आम्हाला सांगत नाहीस? उद्या न्हाण ना? साडी मी आणते."

मागच्या खोलीत मी दाराला कान लावला. न्हाणाचा मी विचारच केला नव्हता! उद्या गल्लीतल्या पंचवीस बायका येणार, ओवाळणार, आई माझ्या हातात चुडा भरणार, आणि सगळं आळत्यावर. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं की कासारीण एका पोरीला न्हाणाचा चुडा आयुष्यात एकदाच भरते. तो खोटा भरला तर? देव जाऊ दे, आईला कळलं तर?

"उद्या नाही जमायचं माई," आईचा आवाज आला.

"का गं?"

"चुडा नाही."

"काय नाही?"

"तिच्या मापाचा हिरवा चुडा नाही घरात. चांगल्या काचेचा मागवलाय, पार्सलनं येणार आहे. तो आला की करू."

माई जे हसायला लागल्या ते भिंतीला टेकून. "कासाराच्या घरी चुडा नाही! अगं, साऱ्या गावाचे हात भरलेस आणि पोरीचे रिकामे?"

"लोहाराच्या घरात विळी बोथटच असते माई. चहा टाकू का?"

मी देवाला हात जोडले. पार्सल चुकू दे, भिजू दे, गाडी उलटू दे!

देवानं ऐकलं म्हणायचं. पौष गेला, माघ आला, पार्सल काही येईना. गल्लीत ती थट्टाच होऊन बसली. पोस्टमन दिसला की माई ओट्यावरून ओरडायच्या, "काय हो, आमच्या पमीचं पार्सल आणलंत का?" बिचारा पिशवी उघडून बघायचा.

इकडं माझी वेगळीच फरफट. एकदा खोटं बोललं की दर महिन्याला बोलावं लागतं, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. पहिल्या खेपेनंतर मी विसरलेच. चाळीस दिवसांनी आठवलं आणि घाईनं पोट धरलं. पुढच्या खेपेला धसका घेऊन अठराव्याच दिवशी धरलं.

"या खेपेला लवकर?" आई म्हणाली.

"हो ना. काय कळत नाही बाई."

"होतं असं सुरुवातीला. भूमितीचं पुस्तक घेऊन जा."

आणि एक आठवलं की अजून हसू येतं. घरात चार दिवसांचे नियम कडक, पण खुद्द आईला सोमवारी कावळा कधी शिवायचाच नाही. सोमवारी आमच्या गावचा आठवडी बाजार. कावळ्यालासुद्धा बाजाराचा दिवस ठाऊक होता म्हणायचं.

माघातल्याच एका दुपारी दवाखान्यातल्या लोंढे नर्सबाई बांगड्या भरायला दुकानात आल्या. मी पडद्यामागं खोकी लावत होते. आईनं त्यांचा हात हातात घेतला आणि आवाज उतरवून म्हणाली, "बाई, एका ओळखीच्या पोरीचं विचारायचंय. साडेपंधरा उलटली. अजून पाळी नाही."

माझ्या हातातलं खोकं तसंच राहिलं.

"घाबरली असेल पोरगी," लोंढेबाई म्हणाल्या. "अहो, प्रत्येकीचं घड्याळ निराळं. बहुतेकींना बारा-तेराच्या सुमाराला येते. कुणाला नवव्या-दहाव्या वर्षीच येते, कुणाला पंधरा लागतात. बरं, छाती भरायला लागलीय का?"

"झाली की दोन वर्षं."

"मग लांब नाही. छाती भरायला लागली की दोन-तीन वर्षांत येते साधारण. पण पंधरा उलटलीत तर एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवाच. भिऊन नाही, खात्री करायला. आणि हो, तिच्या आईला कधी आली होती?"

आईनं एक बांगडी चढवली, दुसरी चढवली. मग म्हणाली, "सतरावं लागलं होतं तिला."

"मग काय तर! आईच्या वळणावर गेली असेल. खूपदा जातं तसं."

पडद्यामागं मी आनंदानं येडी झाले. गावात माझ्यासारखी अजून एक आहे! साडेपंधरा वर्षांची! मी त्या संध्याकाळीच छायाला गाठलं आणि दोघींनी वही घेऊन साऱ्या गावातल्या पोरी तपासल्या. शिंप्यांची मीना? नाही, तिचे लाडू मी खाल्लेत. पाटलांची शोभा? ती तर सोळाची. आठ दिवस मी पोरींच्या तोंडाकडं बघत हिंडले आणि त्या अनोळखी पोरीला जाऊन सांगावंसं वाटत होतं की बाई गं, रडू नकोस, लांब नाही.

आता म्हणाल, एवढी कशी गं तू बिनडोक? होते. पंधराव्या वर्षी आपली आई ही फक्त आपली आई असते. ती कधी पंधरा वर्षांची होती हे डोक्यातच येत नाही.

पुढच्याच बुधवारी आईनं मला एसटीत बसवलं.

"परीक्षेआधी रक्त तपासून घेऊ. पांढरी दिसतेस."

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. उंची, वजन घेतलं, डोळे बघितले आणि विचारलं, "पाळी?"

मी आईकडं बघितलं. आई उठली. "बाई, इथं फार उकडतंय. मी बाहेर बसते जरा," म्हणाली आणि दार ओढून गेली. फेब्रुवारीची सकाळ, मी स्वेटर घातलेला.

दार लागलं आणि माझा बांध फुटला. आळता, परकर, पार्सल, माई, सगळं सांगून टाकलं, रडत रडत. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आळत्यापाशी आल्यावर त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होतेच. मग नीट तपासलं, प्रश्न विचारले.

"सगळं जिथल्या तिथं आहे बेटा. वाढ चांगली चाललीय. तू फक्त उशिराची आहेस. येईल. पावसाळा संपेपर्यंत नाही आली तर परत ये, मग आपण तपासण्या करू. आईला सांगू का मी?"

"नको! पाया पडते!"

"बरं बाई, नाही सांगत." चिठ्ठीवर त्यांनी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या.

बाहेर आई बाकावर ताठ बसलेली, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून. मला बघून उठली. "काय म्हणाल्या?"

"सगळं चांगलं आहे म्हणाल्या."

"सगळं?"

"हो. सगळं."

आईनं लांब श्वास सोडला आणि मला स्टँडवरच्या हॉटेलात नेऊन मिसळ खाऊ घातली. आमच्या आईनं बाहेर मिसळ खाल्लेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. तिनं तर्री दोनदा मागून घेतली.

परीक्षा झाली. चैत्रात मला सोळा पूर्ण झाली. आणि वैशाखातल्या एका सोमवारी, भर बाजारात, आमच्या बांगड्यांच्या पालाखाली मी उठून उभी राहिले तर आई मागून म्हणाली, "पमे, खाली बस."

"का?"

"बस म्हणते ना."

मी बसले. मग मलाच कळलं. कळलं आणि पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद नाही, भीती नाही. वाटलं, मेले! कारण आठच दिवसांपूर्वी मी चार दिवस 'बाहेर' बसून उठले होते. आता काय सांगू? परत कशी आली सांगू?

आईनं स्वतःची शाल माझ्या कमरेला गुंडाळली, शेजारच्या भाजीवालीला पालाकडं बघायला सांगितलं आणि बाजार ऐन रंगात असताना मला घरी घेऊन गेली. सोमवारी! एवढ्या वर्षांत तिनं बाजार अर्धा टाकलेला मी बघितला नव्हता.

घरी येऊन अंगावर पाणी घेतलं, कपडे बदलले. पोट दुखत होतं, पण बरगडीच्या किती तरी खाली. बाहेर आले तर आई माजघरात पत्र्याची ट्रंक उघडून बसलेली.

"आई, मला सांगायचंय."

"आधी हे बघ."

तिनं लुगड्यांच्या खालून पुडकी काढली. वर्तमानपत्रात बांधलेली, पाच. एकेक सोडत गेली. पाचांतही हिरव्या बांगड्या, दोऱ्यात ओवलेल्या.

"हे तू अकरा वर्षांची होतीस तेव्हाचं. दोनचं माप. नवरात्रात बांधून ठेवलं होतं, म्हटलं यंदा येईल कदाचित, घरात तयार असावा. हे बाराव्याचं, दोन-दोन. हे तेराव्याचं, दोन-चार. चौदाव्यालाही दोन-चारच, त्या वर्षी तू नुसती उंचीला वाढलीस. आणि हे गेल्या अष्टमीचं. दोन-सहा. माईंकडून आल्याबरोबर बांधलं."

मी बघतच राहिले. "म्हणजे चुडा होता?"

"कासाराच्या घरी चुडा नसतो होय गं?"

"मग पार्सल?"

"कसलं पार्सल आणि कसलं काय."

"म्हणजे तुला..."

"पमे, रक्त वाळलं की तपकिरी पडतं. तुझा परकर तिसऱ्या दिवशी धुतला तरी लालभडक, आणि पाणी आलं गुलाबी. वीस वर्षं आळता विकतेय मी."

"मग बोलली का नाहीस? मारलं का नाहीस?"

आई बांगड्यांचा दोरा सोडत होती. सोडता सोडता म्हणाली, "माझी आई मला रोज विचारायची. सकाळी उठलं की पहिला प्रश्न, आली का? दोन वर्षं, रोज. सतरावं लागेपर्यंत. मला सकाळच नको वाटायची गं. मी तेव्हा देवीला बोलले होते, मला मुलगी दिलीस तर मी तिला एकदाही विचारणार नाही."

मला एकदम लोंढेबाई आठवल्या. सतरावं लागलं होतं तिला. ती अनोळखी पोरगी, जिला शोधत मी आठ दिवस गावभर हिंडले होते!

मी आईच्या मांडीत डोकं घातलं आणि ढसाढसा रडले. आणि रडता रडता हसायलाही आलं, कारण आई वरून म्हणत होती, "पुरे आता. पण आळत्याचं एक बरं झालं, बीजगणित झालं तुझं."

झालंच होतं. निकालात बीजगणितात चौऱ्याऐंशी पडले. आजवर कुणाला खरं कारण सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी न्हाण झालं. सारी गल्ली लोटली. छायानं मला हिरवी साडी नेसवली आणि कानात म्हणाली, "आलीस बाई एकदाची आमच्यात." चिंगी पाटापाशी येऊन हिरमुसून उभी राहिली. "म्हणजे आता अष्टमीला माझ्या शेजारी कोण बसणार?"

आई समोर बसली. माझा हात हातात घेऊन तिनं बोटं जुळवली, तळवा हळू दाबला. "सैल सोड," म्हणाली. हाताला तिची सवय होती, आपोआप सैल पडला. दोन-सहाच्या बांगड्या एकामागून एक चढत गेल्या. एकही वाढली नाही; बांगडी फुटली असं आम्ही कासार म्हणत नाही. सगळ्या भरून झाल्यावर कासारणीला नमस्कार करायचा असतो. साऱ्या गावाच्या पोरींना मी तो आईला करताना बघितलं होतं. मी वाकले तर तिनं मला मध्येच धरलं.

तेवढ्यात मागून माईंचा आवाज आला, वेशीपर्यंत जाईल असा.

"काय गं अनसूये, आलं का एकदाचं पार्सल? किती उशीर तो!"

आईनं माझ्या मनगटावरच्या बांगड्या नीट सारख्या केल्या.

"उशीर कुठला माई," ती म्हणाली. "अगदी वेळेवर आलं."